सुईच्या टोकासमोर

“मॅडम, अजून किती दिवस नुसतं बघायचं?”

मिरजेच्या त्या फिजिओथेरपी दवाखान्यात निहाल मुजावरला आठ महिने झाले होते. सुया टोचून स्नायू मोकळे करायच्या तीन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट त्याने लॅमिनेट करून आणलं होतं. बागवडे मॅडमनी मात्र त्याच्या हाती अजून सुई दिली नव्हती. पोराचे हात नुसते शिवशिवत होते.

“साबणाच्या वडीवर रोज शंभर वेळा टोचतो. हात बसलाय माझा.”

“साबण श्वास घेतो का रे?”



समोर टेबलावर गंगाराम पेंटर पालथे झोपले होते. भिंतींवर अक्षरं रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. गेली चार वर्षं मान आखडलेली, वर बघता येत नव्हतं. शिडी घरात पडून होती. देवळाच्या कमानीचं काम चालून आलं होतं, तेही आता दुसऱ्याकडे जायच्या बेतात होतं.

मॅडमनी एक कोरी सुई पुढे केली. केसासारखी बारीक, आत औषध नाही.

“घे. मानेकडून खांद्यावर उतरतो त्या स्नायूत गाठ आहे. सोडव.”

निहालने क्षणात गाठ शोधली. बोट अचूक पडलं, हे कबूल करायला हवं. त्याने सुई सरळ खाली रोखली.

मॅडमनी मनगट धरलं.

“गाठीखाली काय आहे?”

“फुफ्फुस.”

“किती खाली?”

“अंदाज आहे मला.”

“अंदाज कुणाचा? आणि फुफ्फुस कुणाचं?”

“माझं हाय, बाई,” पेंटर उशीतूनच म्हणाले.

निहालचे कान लाल झाले. पण सुई त्याने खाली ठेवली नाही.

“कशी धरू? दाखवा.”

मॅडमनी तो स्नायू चिमटीत पकडला आणि छातीपासून दूर, वर उचलला.

“सुई अंगठ्याच्या बाजूने घालायची. टोक पलीकडच्या बोटाकडे.”

“पण समोर तर तुमचं बोट...”

“माझं नाही. तुझं ठेव.”

त्यांनी हात काढून घेतला. निहालने चिमूट धरली. आता त्याचा हात सावकाश चालू लागला. साबणावर तो असा कधीच चालला नव्हता.

सुई गेली. चिमटीतली गाठ टुणकन उडाली आणि सैल पडली.

“आई गं!” पेंटर कळवळले. मग त्यांनी लांब श्वास सोडला.

थोड्या वेळाने ते उठून बसले. हनुवटी हळूहळू वर गेली...

“बाई, पंख्यावर धूळ लई साठलीय की!”

हे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. अजून बऱ्याच खेपा घालाव्या लागणार होत्या. तरी कमानीचं काम सोडायचं नाही, असं सांगूनच ते गेले.

निहालने हातमोजा काढला. आपल्या बोटाकडे बघत उभा राहिला.

“मॅडम, एक सांगायचंय... माझा अंदाज चुकला. वाटलं होतं त्यापेक्षा सुई खोल गेली. कातडीआडून टोक बोटाला जाणवलं, म्हणून थांबलो.”

मॅडम टेबलावरची चादर बदलू लागल्या.

“मघाशी सरळ खाली घातली असती तर...”

मॅडमनी सुयांचं खोकं त्याच्याकडे सरकवलं.

“उद्या दहाचा पेशंट तुझा.”