ठमीचा खांदा आणि हिरड्यातली परी

सह्याद्रीच्या उतारावर, जिथे सकाळचं धुकं दुधावरच्या सायीसारखं पसरतं, तिथे कुंभेवाडी नावाची एक चिमुकली वाडी होती. त्या वाडीत ठमी आणि तिची आय राहायच्या. त्यांच्याकडे ना शेत होतं, ना गाय. अंगणापलीकडे हिरड्याचं एक उंच झाड मात्र होतं. उन्हाळ्यात त्याला हिरवीगार इवली फळं लागायची. ती वाळवून विकली की घरात तांदूळ यायचे.

मागच्या उन्हाळ्यात ठमी त्याच झाडावरून पडली आणि तिचा उजवा खांदा निखळला.

वैदूबाबांनी तो जागेवर बसवला. "थोडे दिवस बांधा, मग सोडा," ते म्हणाले. पण आयचा जीव घाबरा झाला होता. तिनं जुन्या लुगड्याची मऊ पट्टी फाडली आणि ठमीचा हात छातीशी बांधून टाकला. पाऊस आला आणि गेला. थंडी आली. पट्टी तशीच. शेवटी ती सुटली तेव्हा खांदा गाढ झोपला होता. हात कमरेच्या वर येईना. ठमीला स्वतःची वेणीसुद्धा घालता येईना.

आणि कुंभेवाडीची एक जुनी रीत होती. झाडानं ज्याला पाडलं, त्याच्यावर झाड रुसलं असं सगळे मानायचे. मग पुढच्या हंगामाच्या पहिल्या सकाळी त्याच माणसानं दोन्ही हातांनी आकडी, म्हणजे फळं पाडायची लांब बांबूची काठी, डोक्यावर उचलून शेंड्याला लावायची. उचलली तर झाडाचा रुसवा गेला. नाही उचलली तर झाड दुसऱ्या घराला द्यायचं.

देऊआजीचं झाड असंच गेलं होतं. तीही तरुणपणी पडली होती. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या झाडांखाली वाकून, गळालेले हिरडे वेचायची.

"पोरी, तुझ्या हातात काही जोर राहिला नाही," लुमाजी पाटील म्हणाले. "उगाच हट्ट नको करू. झाड सोडून दे."

"पाटीलबाबा, झाड माझ्यावर रुसलंय ना? मग आमचं आम्ही बघू," ठमी म्हणाली. "तुम्ही कशाला मध्ये?"

पाटलांना खोकला आला.

त्या संध्याकाळी ठमी झाडापाशी गेली. केशरी ऊन पानापानांतून झिरपत होतं. खोडाच्या ढोलीत एक मुंगी डिंकात अडकून पाय झाडत होती. ठमी स्वतःच्या दुःखात होती, तरी ती गुडघ्यावर बसली आणि गवताच्या काडीनं मुंगीला हळूच सोडवलं.

तेवढ्यात ढोलीत टिमटिम उजेड झाला. आतून एक इवलीशी परी बाहेर आली. तिचे पंख हिरड्याच्या कोवळ्या पालवीसारखे तांबूस होते आणि त्यांवर रुपेरी लव चमचमत होती.

"माझ्या शेजारणीला सोडवलंस," परी म्हणाली. "आता तू माग. पण मागायचं ते दुखऱ्या हातानं. दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा नाही. हात जेवढा वर जाईल, तेवढीच मोठी इच्छा मिळेल."

"माझा खांदा बरा कर."

"ती इच्छा फार उंच राहते गं. हात डोक्याच्या वर नेलास तरच मिळेल."

ठमी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हात डोक्याच्या वर गेला तर मला ती इच्छा हवीच कशाला?"

परी खुदकन हसली. "इतक्या मुलांना भेटले, पण हे कुणी विचारलं नव्हतं. नियम मात्र बदलत नाही हं."

"बरं," ठमी म्हणाली. "मग नेतेच वर. बघ तू."

परीनं तिला शिकवलं. आधी पुढे वाकायचं आणि हात गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखा हलकेच झुलू द्यायचा. मग खोडासमोर उभं राहायचं आणि बोटं सुरवंटासारखी, चुटुचुटु, वर चालवायची. "जास्त दुखलं तर थांबायचं," परी म्हणाली. "राग आला म्हणून मात्र थांबायचं नाही."

राग तर रोज यायचा. सुरवंट कधी चढायचा, कधी तिथेच बसून राहायचा. आय दारातून बघायची आणि तिचे डोळे भरून यायचे.

"ठमे, पुरे कर गं. परत निखळेल."

"आय, दुखतं मला. मग घाबरतेस तू कशी?"

दुसऱ्या दिवशी आयनं तेल कोमट केलं आणि ठमीचा खांदा मऊ हातांनी चोळून दिला. लुगड्याच्या पट्टीचं तिनं पोतेरं करून टाकलं.

हात कमरेवर आला तेव्हा ठमीनं तहानलेल्या चिमणीसाठी पाण्याचा टपोरा थेंब मागितला. छातीपर्यंत आला तेव्हा लंगड्या करडाच्या पायातला काटा निघू दे म्हणाली. खांद्याच्या उंचीला आला तेव्हा देऊआजीचं गळकं मडकं सांधून मागितलं. दर वेळी निळी, सोनेरी, गुलाबी ठिणगी उडायची आणि काम व्हायचं.

"स्वतःसाठी काहीच नाही?" परीनं विचारलं.

"माझं मोठं आहे. वर पोचले की मागते."

हंगामाची पहिली सकाळ उजाडली. सगळी वाडी झाडाखाली जमली. ठमीनं आकडी दोन्ही हातांत धरली. डावा हात सरसर वर गेला. उजवा कानापाशी आला आणि अडला. खांद्यात कळ उठली. काठी डगमगली.

"ठेव खाली, ठमे," पाटील म्हणाले, आणि या वेळी ते मायेनं म्हणाले.

"अजून दमले नाही मी," ठमी म्हणाली. तिनं दीर्घ श्वास घेतला, कळ ओसरू दिली, आणि सुरवंटाची आठवण ठेवून, डाव्याचा आधार न घेता, उजवा हात थोडा, अजून थोडा, अजून थोडा वर नेला. कोपर वाकडं होतं. पण हात डोक्याच्या वर होता, आणि आकडीनं शेंडा हलवला. टपटप, टपटप, हिरवे हिरडे बरसले.

"हात वाकडा आहे," गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं.

"वाकडा असू दे. माझा आहे," ठमी म्हणाली. पाटलांनी मान डोलावली. झाड ठमीचंच राहिलं.

आकडीच्या टोकावर परी येऊन बसली होती. "माग लवकर," ती कुजबुजली. "आता सगळ्यात मोठी इच्छा तुझी. कळ पुन्हा कधी यायची नाही."

ठमीनं तोंड उघडलं, आणि तिला गर्दीमागे, पूर्वी स्वतःच्याच असलेल्या झाडाखाली उभी देऊआजी दिसली. आजीचा वाळलेला हात पदराखाली लपलेला होता. तो कुणी झुलवला नव्हता, त्याला कुणी सुरवंट शिकवला नव्हता, आणि आता फार उशीर झाला होता.

"देऊआजीचं झाड तिला परत दे," ठमी मोठ्यानं म्हणाली. "आकडी न उचलता."

"ठमे, रीत आहे ती," पाटील म्हणाले.

"पडलेल्या माणसाकडून झाड काढून घ्यायचं, ही कसली रीत? मला नाही मान्य."

तेव्हा वाडीनं एक नवल पाहिलं. आजीच्या जुन्या झाडाच्या फांद्या सळसळल्या आणि हळूहळू, अलगद, खाली वाकल्या. फळांनी लगडलेले घोस आजीच्या गुडघ्याशी येऊन थांबले. आजी खाली बसली. चांगल्या हातानं तिनं एक हिरडा तोडला आणि गालाला लावला. पाटलांनी पागोटं काढलं. झाडच खाली आल्यावर आकडी कुणी आणि कशाला उचलायची, हे कुणालाच सांगता येईना. त्या दिवसापासून कुंभेवाडीत पडलेल्या माणसाचं झाड कुणी घेतलं नाही.

परीनं ठमीच्या खांद्यावर एक इवलासा पापा दिला. तिचे पंख लख्ख उजळले, आधी तांबूस, मग सोनेरी, मग इतके शुभ्र की सगळ्यांनी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा पानापानांवर चमचमता उजेड होता, आणि परी कुठेच नव्हती.

"दुखतोय का गं?" आयनं विचारलं.

ठमीनं खांदा गोल फिरवून पाहिला.

"दुखतोय," ती म्हणाली. "पण उठलाय. चल आय, टोपली आण."