मानाचा नारळ

माळावरच्या एका गावात हैबती नावाचा एक शेतकरी राहत होता. गावाला नदी नव्हती. होता तो एक तलाव आणि त्याचा दगडमातीचा लांबलचक बांध. गावानं हा बांध घरोघर वाटून घेतला होता. उन्हाळ्यात ज्यानं त्यानं आपला वाटा डागडुजी करून ठेवायचा; तलावाच्या पाझरानं विहिरींना पाणी मात्र सगळ्यांच्याच. काम उरकलं की गाव बांधावर जमे. ज्याचा वाटा सगळ्यांत पक्का, त्याच्या हातून मानाचा नारळ फुटे आणि नारळाचं पाणी तलावात सोडलं जाई.

हा मान वर्षानुवर्षं हैबतीचा. छाती फुगवून तो नारळ फोडी आणि पुढे महिनाभर तेच सांगत सुटे. ऐकणारे बिचारे जांभया देत.

एका वर्षी मात्र आक्रीत घडलं. पाटलांनी नारळ उचलला आणि थेट सगुणाबाईच्या हातात दिला. सगुणाबाई हैबतीची शेजारीण. नवरा गेलेला, हाताशी कुणी नाही. पण बाईनं चिखल तुडवून तुडवून दगडांच्या फटींत असा बसवला होता, की मुंगीलाही आत शिरता येऊ नये.

हैबतीच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी पुढ्यातलं ताट तसंच राहिलं.

"अहो, जेवा की," बायको म्हणाली. "नारळच तो! बाजारात हवे तेवढे मिळतात."

"आणि मान? तो मिळतो का बाजारात?" हैबती खेकसला.

त्या दिवसापासून कुणी सगुणाबाईचं नाव काढलं, की याच्या पोटात दुखायचं. ती हसली तरी याला वाटे, आपल्यालाच हसली. शेवटी त्यानं ठरवलं, तिचा वाटा गळला पाहिजे. मग बघू कोण कौतुक करतंय!

बाजाराच्या दिवशी गाव रिकामं होतं. भर दुपारी हैबतीनं सगुणाबाईच्या वाट्यातले तळाचे दगड उपसले, पोकळीत पाचोळा कोंबला आणि वरून चिखल सारवला. थोडं पाणी झिरपेल, लोक बाईला नावं ठेवतील, एवढंच त्याच्या डोक्यात. विचार केला तो तिच्या वाट्याचा, बांधाचा नाही.

पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. पाऊस जाता जाता एक मोठी सर आली आणि सगुणाबाईच्या वाट्याला भगदाड पडलं. बघता बघता सगळा तलाव माळावरून वाहून गेला. त्यानंतर पावसानं तोंड दाखवलं नाही.

"हिच्यामुळं गाव बुडालं," लोक म्हणाले. सगुणाबाई भगदाडापाशी बसून ढसाढसा रडली. हैबतीला बरं वाटलं. चार दिवस अगदी पोटभर जेवला.

मग विहिरींनी तळ गाठला. लोकांनी गुरं पाहुण्यांकडे धाडली. हैबतीचा होता पानमळा, बापानं लावलेला. पानवेलीला पाणी लागतं, सबबी चालत नाहीत. हैबतीनं लांबून कावडी वाहिल्या, खांदे सोलून निघाले. तरी एकेक वेल वाळत गेली. उन्हाळ्यापर्यंत मळ्यात नुसत्या काटक्या उरल्या.

रिवाजाप्रमाणे गाव पुन्हा बांधावर जमलं; सगुणाबाईचं भगदाड तेवढं अजून उघडंच होतं. पाटील म्हणाले, "हैबती, तुझा वाटा जागचा हलला नाही. यंदाचा मान तुझा."

हैबतीनं नारळ फोडला. पाणी तलावात सोडलं. भेगाळलेल्या मातीनं ते एका घोटात पिऊन टाकलं. त्या तलावात तेवढंच काय ते पाणी! आपल्या भक्कम वाट्यावर उभ्या हैबतीनं खाली पाहिलं. त्याचा बांध आता काहीच अडवत नव्हता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

सगुणाबाई जवळ आली. "भाऊजी, माझा वाटा फुटला म्हणून मी रडले. तुमचा तर उभा आहे. तुम्ही का रडता?"

"वहिनी," हैबती म्हणाला, "तुमचा वाटा मीच फोडला."

सगुणाबाईनं एक रिकामं घमेलं उचललं आणि त्याच्या हातात दिलं. हैबती ते घेऊन मुकाट्यानं भगदाडाकडे चालू लागला.

तात्पर्य: गावाचं पाणी सगळ्यांनी मिळून राखलं तरच राहतं, मत्सरानं शेजाऱ्याचा बांध फोडणारा आपलीच विहीर आटवतो.