परक्या दारचा रांजण

एका राज्यात राजवाडा जळत होता आणि राजा अंगणात उभा राहून आपल्या आत्याशी भांडत होता.

"आत्यासाहेब, वाट सोडा! विहीर माझी, पाणी माझं, वाडा माझा!"

"म्हणूनच विझत नाही, सोमधरा! डोकं आहे की मुकुट अडकवायचा खुंटा?"

चिमाबाईची जीभ अशीच होती. राजाला तिनं मांडीवर वाढवलेला, तेव्हा ती जीभ आवरायला सांगायची कुणाची छाती नव्हती. पण आज बोलता बोलता ती सारखी वर बघत होती. वरच्या मजल्यावर तिचा भाऊ, थोरले महाराज, अंथरुणाला खिळून पडलेले. आणि मुदपाकखान्यातून उठलेल्या आगीनं सागवानी जिना धरलेला.

चाकरांनी विहिरीचं पाणी जिन्यावर फेकलं. ते हवेतच तेल झालं. आग भक्कन दोन पायऱ्या वर चढली.

"तेल झालं! तेल झालं!" कळसावरची साळुंकी ओरडली.

शाप जुना होता. दुष्काळात एका मांत्रिकानं थोरल्या महाराजांच्या दारी ओंजळभर पाणी मागितलं. शिपायांनी त्याला हुसकून लावलं. तो म्हणाला, "आजपासून ह्या राज्यात ज्याचं पाणी, त्याच्याच आगीत तेल." एवढं बोलून त्यानं आपली बोलकी साळुंकी कळसावर बसवली आणि निघून गेला. उतारा काही सांगितला नाही.

प्रजेनं आपला उतारा आपणच शोधला. प्रत्येक घराचा एक रांजण दुसऱ्याच्या दारी भरून ठेवलेला. साळुंकीनं आगीची हाक दिली की जो तो स्वतःच्या घराकडं पाठ फिरवून परक्याच्या घराकडं धावायचा. आग नसली तरी दर अमावास्येला हे धावणं गिरवायचे, म्हातारीकोतारीसुद्धा. परगावचे पाहुणे हसून लोळायचे. एकट्या राजवाड्याच्या दारी मात्र कुणाचा रांजण नव्हता, की राजवाड्याचा रांजण कुणाच्या दारी. राजाला ते कमीपणाचं वाटे.

"परक्याचं पाणी हवं ना? मग घेतो विकत!" सोमधरानं बोटातली अंगठी काढली आणि समोरच्या पखालवाल्याच्या हातावर ठेवली.

चिमाबाईनं पखालीच्या तोंडाशी डोळा लावला. तिला लहानपणापासून एकच कोडं होतं: पाण्याचं तेल होतं ते नेमकं कोणत्या घडीला? पाणी नितळ होतं. अंगठी तळव्याला टेकली मात्र, पाण्यावर तेलाचा तवंग आला.

"अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली. मग मोठ्यानं, "ओतू नकोस रे! विकत घेतलं, म्हणजे राजाचंच झालं."

एव्हाना पेठेतले लोक घागरी घेऊन अंगणात जमले होते. राजा गरजला, "काय बघता? ओता! राजाज्ञा आहे!"

सगळे पुढं सरले. चिमाबाई पदर खोचून धावली, एकेका घागरीत बोट बुडवत, बोटाचा वास घेत. तेल. तेल. ह्यातही तेल.

"थांबा रे! दरडावून घेतलं तेही त्याचंच झालं."

"तेल झालं!" साळुंकीनं पंख फडफडवले. वरून थोरल्या महाराजांचा खोकला ऐकू आला.

देवडीशी एक बाई कडेवर घागर घेऊन उभी होती. घोंगड्या विणणारी भिवरा. तिचं घर राजवाड्याच्या भिंतीला भिंत लागून. चिमाबाईनं तिच्या घागरीत बोट घातलं. गार, निव्वळ पाणी.

"तुझं कसं गं राहिलं?"

"मी आज्ञा मानली नाही म्हणून, आईसाहेब. मी ओतणार नाही."

"मग आलीस कशाला?"

"हाक ऐकली की पाय सवयीनं धावतात. मन आलेलं नाही."

राजा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "ओत."

"नाही. माझा माग जळत होता, दारचा एक रांजण पुरला नाही, तेव्हा तुमचं दार ठोठावलं होतं मी. आतून उत्तर आलं, राजाचा रांजण परक्याच्या उंबऱ्याला जात नसतो. मागासकट घर गेलं माझं, महाराज; आताचं पुन्हा बांधलेलं. नाही ओतणार."

राजाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

"काप तिला," चिमाबाई म्हणाली. "मग घागर तुझी होईल. तेल तेवढं मोजून घे."

जिन्याचा कठडा कडाडला. सोमधरानं भिवराकडं पाहिलं, वर खिडकीकडं पाहिलं. मुठीवरचा हात सुटला.

"नाही म्हणालीस. ऐकलं मी. उत्तर आतून आलं ते माझंच होतं. घागर तुझी आहे, घरी ने."

त्यानं शेला तोंडाला गुंडाळला आणि एकटाच जळत्या जिन्याकडं चालू लागला. राजा 'नाही' ऐकून घेतो आणि कुणाचं काही बिघडत नाही, हे त्या राज्यात तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. लोकांच्या घागरींतल्या तेलाचं पुन्हा पाणी झालं, आणि त्यानं जिना विझला. राजानं बापाला पाठुंगळी घेऊन खाली आणलं. साळुंकी कळस सोडून मुकाट उडून गेली. आता तिच्या जागी घंटा आहे. शाप गेला, तरी रांजण कुणी घरी नेले नाहीत. चांगली सवय शापासोबत कशाला घालवायची? राजवाड्याचा रांजण भिवराच्या दारी उभा आहे, तिचा राजवाड्याच्या. अमावास्येला राजाही धावतो, आणि धापा टाकतो म्हणून पेठ त्याला हसते.

शाप कोणत्या मंत्रानं उतरला, असं लोक चिमाबाईला अजून विचारतात. ती म्हणते, कसला मंत्र नि काय! पाठमोऱ्या राजाला बघून भिवरा, कुणी न मागता, घागर सावरत मागं धावली आणि खेकसली, तेवढंच:

"अहो महाराज, असे कोरडे कुठं निघालात? थांबा, आधी ही घागर अंगावर घ्या!"