डालग्याखालची माया

ज्या काळी डोंगरापलीकडच्या गावाला नुसतं ‘पलीकडचं गाव’ म्हटलं तरी भागत असे, त्या फार फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर ऐकावीच, कारण यातल्या चुका सगळ्या मोठ्यांच्याच आहेत.

त्या गावात एक बुरुडाची लेक राहत होती. आईबाप गेलेले, घरात ती एकटी. बांबू चिरावा, कांबी काढाव्यात, टोपल्या, सुपं आणि डालगी विणावीत, असा तिचा दिवस जाई. चैत्र लागला की मात्र तिला मान वर करायला सवड नसे. ज्वारी खळ्यातून घरी यायची वेळ, आणि प्रत्येकाला नवी कणगी हवी. कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची मोठी टोपली, छातीइतकी उंच, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेली.

आणि नेमक्या त्याच दिवसांत गावातल्या मांजरी व्यायच्या.

गावकऱ्यांना मांजर हवं असे, पण पिल्लं नको असत. मग डोळे न उघडलेली पिल्लं टोपलीत घालून लोक गुपचूप शिवेवर ठेवून येत. बुरुडाची लेक बांबू आणायला त्याच वाटेनं जाई. ती पिल्लं उचली, घरी आणी, कापसाची वात शेळीच्या दुधात भिजवून एकेकाच्या तोंडात धरी. हे सारं ती मनापासून करी. पण टोपली उचलताना तिचं लक्ष पिल्लांबरोबर विणीकडेही जाई. टोपली तिनंच विणलेली असे, आणि कोणती टोपली कोणाला दिली हे ती विसरत नसे.

एकदा गावच्या सुतारानं कुलदैवताची शपथ घेऊन तिच्याकडून एक पिल्लू नेलं. पुढच्याच चैत्रात तिला शिवेवर टोपली सापडली, सुताराच्याच घरची. त्या दिवसापासून तिनं ठरवून टाकलं, की या गावात एकही माणूस पिल्लू द्यायच्या लायकीचा नाही.

त्या वर्षी पिल्लांना सुमार नव्हता. ओटीवर पिल्लं, चुलीमागे पिल्लं, बांबूच्या भाऱ्यात पिल्लं. सगळ्यांना सांभाळता येईना, म्हणून तिनं ती कोंबड्या झाकायच्या मोठ्या डालग्याखाली ठेवली. मागायला लोक येत, पण पदरात काही पडत नसे.

देवळाचा गुरव आला. “उंदरांनी नैवेद्य खाऊन टाकलाय, बाई. एक पिल्लू दे.”

“घरात कुत्रा आहे?”

“नाही.”

“मग परवा तुमच्या अंगणात भुंकत कोण होतं?”

“मीच असेन, पुजाऱ्याशी भांडत होतो,” गुरव म्हणाला. “अगं, बायको बघायला गेलो तेव्हाही मला इतकं कोणी विचारलं नव्हतं! मांजर मागतोय की तुझा हात?”

तो हसला. ती हसली नाही. गुरव रिकाम्या हातानं गेला.

मग आली सुताराच्या घरची नवी सून. डालग्याच्या फटीतून तिला एक पांढरंशुभ्र पिल्लू दिसलं, सगळ्यांत बारकं. ती तिथंच उकिडवी बसली.

“ताई, ही मला द्या ना. मी मनातल्या मनात हिचं नाव कापशी ठेवलंय. मातीचा परळसुद्धा घासून ठेवलाय दुधाला.”

“तुझ्या सासऱ्यानं शपथ घेतली होती, ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे. पण तेव्हा मी या घरात नव्हते हो, ताई.”

“आता आहेस ना? जा.”

सून उठली. वळून वळून बघत गेली.

या सगळ्यांत बुरुडाच्या लेकीकडे रोज येणारं माणूस एकच, समोरच्या घरातली शेळ्या राखणारी मावशी. पिल्लांसाठी दूध तीच देई. तरी बुरुडाची लेक रोज दुधात बोट बुडवून बघे.

“पाणी नाही घातलंय गं,” मावशी म्हणे. “शेळीनंच पातळ दिलं असेल तर तिला विचार.”

एके दिवशी दोघी विहिरीकडे निघाल्या होत्या. पडक्या भिंतीच्या कोनाड्यात तीन पिल्लं दिसली. बुरुडाची लेक धावली.

“उचलू नकोस,” मावशी म्हणाली. “पोटं बघ कशी तट्ट आहेत. टाकलेल्याचं पोट पाठीला लागलेलं असतं. आई जवळच असणार. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, हे तिचं मधलं घर असेल.”

“तुम्हाला बरं ठाऊक, मावशी? तुमच्याच घरची नाहीत ना?”

मावशी घागर घेऊन पुढे चालू लागली. बुरुडाच्या लेकीनं तिन्ही पिल्लं ओच्यात घातली आणि घरी नेली.

दुसऱ्या दिवसापासून एक करडी मांजरी तिच्या छपरावर येऊन ओरडू लागली. ‘हा बोका आहे, पिल्लं मारायला टपलाय,’ असं म्हणून बुरुडाच्या लेकीनं कांबीनं तिला हाकललं. ती बोका आहे की मांजरी, हे नीट बघायलाही ती थांबली नाही. ज्याला सगळीकडे चोर दिसतो, त्याला आई ओळखू येत नाही.

आणि मग पिल्लं नाहीशी होऊ लागली.

आधी कोनाड्यातल्या तिघांपैकी एक गेलं. चार दिवसांनी दुसरं. बुरुडाच्या लेकीनं अंगण शोधलं, गल्ली शोधली. मावशीच्या मागच्या खिडकीखाली तिला करडे केस सापडले, आणि खिडकीशीच दुधाचा एक परळ. तिला आणखी पुरावा नको होता.

विहिरीवर बायका पाणी भरत होत्या. तिथंच ती मावशीसमोर उभी राहिली.

“माझी पिल्लं कुठं आहेत?”

“मला काय ठाऊक, पोरी?”

“मग खिडकीत दूध कोणासाठी?”

“एक मांजरी येते. बाळंतीण दिसते, रडत असते बिचारी. म्हणून ठेवते.”

“दिवसा मला दूध द्यायचं आणि मागल्या दारानं पिल्लं पळवायची! आजपासून तुमचं दूध नको मला.”

मावशीनं घागर कमरेवर घेतली. “दूध नको तर नको,” एवढंच म्हणाली. आणि गेली.

पण पिल्लांना दूध हवंच होतं. बुरुडाच्या लेकीनं कुठूनसं गाईचं दूध आणलं. ते पिल्लांना मानवलं नाही. एकाला हगवण लागली, आणि एकाच डालग्याखाली दाटीवाटीनं असलेल्या सगळ्यांना ती लागली. बाकीची कशीबशी तगली. कापशी तगली नाही.

तो हलका जीव तळहातावर घेऊन बुरुडाची लेक बराच वेळ बसली. घासून ठेवलेला एक परळ तिच्या डोळ्यांपुढे येऊ लागला. पण तिनं तो विचार झटकला आणि मनाशी म्हटलं, ‘हे त्या मावशीमुळे झालं.’ मुलांनो, माणूस असाच असतो. स्वतःच्या चुकीपाशी पोचला की शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवतो.

चोराला पकडायचंच, असं ठरवून एका सकाळी ती बांबूच्या भाऱ्यामागे दबा धरून बसली. उन्हं अंगणात आली, तशी ती करडी मांजरी भिंतीवरून उतरली. तिनं डोक्यानं डालगं उचललं, आत गेली, आणि कोनाड्यातलं तिसरं पिल्लू मानेला धरून बाहेर आली. तिचे स्तन दुधानं भरलेले होते.

बुरुडाच्या लेकीच्या मनात आलं, ‘म्हातारीनं मांजरीला चोरी शिकवली!’ संशय किती हुशार असतो बघा.

मांजरी पिल्लू घेऊन मावशीच्या मागच्या खिडकीशी गेली, आणि तिच्या मागोमाग बुरुडाची लेकही. पण आज खिडकी बंद होती. दारही बंद होतं. मांजरी घराभोवती फिरू लागली. पिल्लू खाली ठेवी, खिडकीला पंजे मारी, पुन्हा पिल्लू उचली. तिचं ओरडणं ऐकून अंगावर काटा येत होता.

आतून आवाज येत होता, सळसळ, सळसळ. ज्वारी ओतल्याचा.

बुरुडाच्या लेकीला एकाएकी आठवलं. मावशीची कणगी तिनंच विणली होती. त्या खिडकीखालच्या कोपऱ्यात तिनंच ती बसवून दिली होती. धान्याला कीड लागू नये म्हणून तळाशी कडुलिंबाच्या पाल्याचा मऊ थरही तिनंच अंथरला होता. अंधारी, उबदार, कोणाच्या नजरेत न येणारी जागा. मांजरीला सातवं घर याहून चांगलं कुठं मिळणार?

ती धावली आणि दारावर थापा मारू लागली. “मावशी, दार उघडा!”

उत्तर आलं नाही. येणारच नव्हतं. त्या गावची रीतच होती, की कणगी भरताना दार आतून लावून घ्यायचं, शेवटचं सूप ओतेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि बाहेरून कोणी कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. रीत मोडली तर वर्षाची बरकत जाते, असं सारे मानत.

आणि ही रीत मावशीनं कोणासाठी मोडायची? जिनं भर विहिरीवर तिला चोर म्हटलं, तिच्यासाठी? मी आत असते तर उघडलं असतं का, असं बुरुडाच्या लेकीनं स्वतःला विचारलं. उत्तर तिला पक्कं ठाऊक होतं. पहिल्यांदाच तिला त्या उत्तराची लाज वाटली.

“मावशी, तुम्ही काही चोरलं नाही!” ती ओरडली. “पिल्लं कणगीत आहेत! पाल्याखाली!”

सळसळ थांबली.

“थांब रे, ओतू नकोस!” आतून मावशीचा आवाज आला. कडी वाजली आणि दार उघडलं.

आत मावशीचा मुलगा सूप हातात धरून उभा होता. कणगी गुडघाभर भरली होती. वरून उपसत बसायला वेळ नव्हता. बुरुडाच्या लेकीनं कमरेचा कोयता काढला आणि आपल्या हातानं विणलेली कणगी तळाशी चिरली. ज्वारी भसाभस बाहेर आली, घरभर पसरली. ज्वारीमागून पाला आला. पाल्याबरोबर एक पिल्लू वळवळत आलं. दुसरं आलं ते हललं नाही.

मावशीनं ते उचललं. पदरानं त्याचं नाक पुसलं, तोंडातला भुसा बोटानं काढला, छाती चोळली. मग ते इवलंसं पिल्लू शिंकलं.

करडी मांजरी दारातून आत आली, तिसरं पिल्लू तिनं ज्वारीच्या ढिगावर ठेवलं आणि तिघांना चाटू लागली.

“मावशी,” बुरुडाची लेक म्हणाली, “मी खोटं बोलत असते तर?”

“तर रीत मोडली असती, एवढंच. पण तू खरं बोलत असतीस आणि मी दार उघडलं नसतं तर?”

बुरुडाची लेक खाली बसून ज्वारी गोळा करू लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं डालगं उचलून बाजूला ठेवलं. गुरवाला पिल्लू मिळालं. गावात ज्याला हवं त्याला मिळालं. सगळ्यांना तिनं एवढंच सांगितलं, “नाही जमलं तर शिवेवर टाकू नका. माझ्या दारात आणा, मी काही विचारणार नाही.”

सुताराच्या घरी ती सर्वांत शेवटी गेली. हातात काळ्या ठिपक्यांचं एक पिल्लू होतं. सून धावत आली, आणि पिल्लू बघून थबकली.

“कापशी?”

“कापशी गेली. तू मागितलीस तेव्हा दिली असती, तर जगली असती.”

सुनेचे डोळे भरले. तिनं ठिपक्यांचं पिल्लू पोटाशी धरलं. चुलीपाशी तो परळ अजून पालथा घालून ठेवलेला होता. तिनं तो सुलटा केला आणि दूध ओतलं. पण त्या पिल्लाचं नाव तिनं कापशी ठेवलं नाही, आणि बुरुडाची लेक ते नाव जन्मभर विसरली नाही.

मावशीची नवी कणगी तिनं त्याच आठवड्यात विणून दिली. पुढच्या चैत्रात शिवेवर टोपल्या दिसल्या नाहीत असं नाही, दिसल्या. पण त्या उचलायला आता सगळं गाव होतं.

तात्पर्य : जो कोणावरच विश्वास टाकत नाही, त्याच्या मायेखालीही जीव गुदमरतो.