सातवी कवडी

“...तर प्रश्न एवढाच आहे, बाबा. लोक खेळासाठी दर महिन्याला पैसे मोजतील की नाही?”

“मोजतील,” फकीर म्हणाला.

पुण्याहून तीन तास गाडी चालवत येताना शाल्मलीने वादाची सगळी तयारी केली होती, पण ती ‘नाही’ या उत्तराची.

गावाबाहेरच्या तकियात, आपल्या मठीपुढे, चिंचेच्या सावलीत, जमालशा फकीर सोंगट्यांचा पट अंथरत होता. भोवती पाच म्हातारी माणसं बसली होती.

“मग माझे का निघून जातायत?”

“तुझे कोण?”

मग तिने सगळं सांगितलं. ‘बुरूज’ हा तिने तयार केलेला ऑनलाइन खेळ. देशभरातली माणसं मोबाइलवर एकाच वेळी येतात, टोळ्या करतात, गड बांधतात, एकमेकांचे पाडतात. पाच वर्षं सगळं फुकट होतं. लेक तीन वर्षांची. म्हणजे थोरलं अपत्य ‘बुरूज’च. दोन महिन्यांपूर्वी तिने वर्गणी लावली आणि न भरणाऱ्यांना दार बंद केलं. चाळीस हजारांतले दोन हजार उरले.

“तेवढ्यांत माझं भागतं. सहा जणांचे पगार निघतात. फुकटे गेले ते बरंच झालं, नुसती गर्दी होती. पण आता पैसे भरणारेही निघालेत. सोमवारी मला ठरवायचंय, खेळ चालू ठेवायचा की गुंडाळायचा.”

“जाताना काय म्हणतात?”

“म्हणतात... करमत नाही.”

फकीर हसला नाही. पटाची एक सुरकुती त्याने तळहाताने सारखी केली.

“तुम्ही घेता का काही, इथे खेळायला?” तिने विचारलं. जरा खवचटपणेच.

“घेतो. जबर घेतो.”

“किती?”

“बस. कळेल.”

कोणी खिशातून, कोणी कनवटीतून एकेक कवडी काढली. पटावर सहा कवड्या झाल्या. सोंगट्या लागल्या. आणि कोणीच खेळेना.

“थांबलोय कशासाठी?”

“दान सात कवड्यांचं. सातवी भानुदासकडं हाय,” शेंगा विकणारी सरूबाई म्हणाली. “खेळ उठला की एकेक कवडी एकेकाच्या घरी जाती. दुसऱ्या दिशी परत येती.”

“आणि एखादा आलाच नाही तर?”

“तर काय! बसायचं शिव्या घालत.”

एका माणसावाचून सगळं अडणं हा शाल्मलीच्या धंद्यात सगळ्यात मोठा दोष. तिला राहवलं नाही.

“बाबा, कवड्या बाजारात मिळतात. मी पिशवीभर पाठवून देते.”

“पिशवीभर पाठवणारी ही तिसरी,” सादिक तांबोळी पानाला चुना लावत म्हणाला. “आधीच्या दोन्ही पिशव्या नातवंडांनी संपवल्या.”

पाऊण तास गेला. तिने फोन उलटा ठेवला. सुलटा केला. पुन्हा उलटा ठेवला...

मग काठी टेकत, कानाला मफलर गुंडाळलेला भानुदास आला.

“या! आम्हाला वाटलं, खांदा द्यायलाच यावं लागतंय,” सादिक म्हणाला.

“अरे, ताप आहे अंगात.”

“तो तुझ्या अंगात. कवडीला तर नाही ना आला?”

भानुदासने सातवी कवडी पटावर टाकली आणि झाडाच्या बुंध्याला टेकून बसला. डाव सुरू झाला.

चार बाजूंना चार जण खेळत होते. भानुदास त्यांत नव्हता. तो नुसता बघत होता, आणि दर दानाला चुकचुकत होता. “मेल्या, ती सोंगटी नाही! दिसतंय का काही?”

“हे खेळत नाहीत?” शाल्मलीने हळूच विचारलं.

“त्याला सोंगट्या येतच नाहीत,” फकीर म्हणाला.

“मग कवडी कशाला दिलीत त्यांना?”

सादिकने दान टाकलं. वाईट पडलं. भानुदास खोकता खोकता हसला, हसता हसता खोकला. सादिक कानापर्यंत लाल झाला.

“तो नसला तर हरणाऱ्याला लाज कोणापुढे वाटायची?” फकीर म्हणाला.

मघाशी आपण ‘फुकटे’ हा शब्द वापरला, हे शाल्मलीला आठवलं. कोणी ऐकला नसेल तर बरं, असं तिला वाटलं. सगळ्यांनी ऐकला होता.

...

ऊन कलल्यावर खेळ उठला. ज्याने त्याने एकेक कवडी उचलली. भानुदासने आपली मफलरच्या टोकात बांधली.

फकिराने स्वतःची कवडी शाल्मलीच्या हातावर ठेवली.

“आज ही तू ने.”

“मी? बाबा, मी पुण्याला राहते. तीन तास लागतात.”

“लागतात.”

“घरी लहान मुलगी आहे. ऑफिस आहे. मला उद्या... नाही जमायचं मला.”

भानुदासने एकदा तिच्या मुठीकडे पाहिलं.

“मग उद्या तुमचा खेळ कसा होणार?”

फकीर पट झटकून त्याची घडी घालू लागला.

“मला काय विचारतेस, बेटी? कवडी तुझ्याकडे आहे.”