चिमणाळेवाली भिवरा

एका राज्यात गाठ टिकत नसे. घाटाच्या खांबाला नाव बांधावी, तर वल्हे खाली ठेवण्याआधी ती प्रवाहाला लागलेली. गाठोडे बांधावे, तर चार पावलांवर धान्य वाटेत सांडलेले. लग्नात नवरानवरीच्या शेल्यांची गाठ मारावी, तर सप्तपदीच्या तिसऱ्या पावलाला ती सुटे, आणि मांडवातल्या बाया पदर तोंडाला लावून रडत. शिवणीच्या टोकाची गाठ ती केवढीशी! तीही सुटे, आणि सकाळी शिवलेले सायंकाळी उसवून पडे. लोक म्हणत, हा कोणाचा तरी शाप आहे. कोणाचा आणि कशासाठी, हे राजा धवलसेनाला ठाऊक होते. तो बोलत नव्हता.

त्या राज्याच्या राजधानीत, वेशीजवळच्या आळीत, भिवरा नावाची शिंपीण राहत होती. ती चिमणाळी करी. पाळण्यावर टांगायची कापडी पाखरे ती. राघू, मैना, मोर. आळीतल्या शिंप्यांकडून चिंध्या आणायच्या, पाखरू शिवायचे, पोटात सावरीचा कापूस भरायचा, काळ्या दोऱ्याने डोळे काढायचे, आणि अशी पाच पाखरे वेताच्या कड्याला टांगायची. तिचा नवरा गोंदाजी ती टोपलीत घालून हाटात विकी. राघू दाखवताना तो राघूसारखा ओरडे, मोर दाखवताना मोरासारखा. बाया हसत हसत जवळ येत, आणि कडेवरच्या पोराने पाखराला एकदा हात घातला की ते चिमणाळे विकलेच.

त्यांना पुष्कळ नवसांनी एक मुलगी झाली. तिचे नाव जाई. ती सात महिन्यांची असताना राज्याला शाप लागला, आणि ज्या दिवशी शाप लागला त्याच दिवशी जाई गेली.

त्या दिवशी मोठा हाट होता. सकाळीच गोंदाजीने पाळण्याला नवी दोरी घातली, तुळईला गाठ मारली, मुलीला पाळण्यात ठेवले आणि टोपली घेऊन तो बाहेर पडला. भर दुपारी गाठ सुटली. भिवरा चुलीपासून धावली, पण ती पोचली तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गावभर गाठी सुटू लागल्या. शेजारी गोंदाजीकडे येऊन म्हणाले, “गोंदाजी, शापच होता हो. तुमचा काय दोष?” गोंदाजी नुसता आपल्या हातांकडे बघत राहिला. त्या दिवसापासून त्याने कशालाही गाठ मारली नाही, आणि कोणत्याही पाखराचा आवाज काढला नाही.

भिवरा मात्र शिवीत राहिली, कारण दुसरे काय करावे हे तिला सुचत नव्हते. सकाळी चिमणाळे विकले जाई, आणि सायंकाळी एखादी बाई मूठभर कापूस घेऊन दारात उभी राही. “भिवराबाई, राघूचं पोट उसवलं. पोर रडायचं थांबत नाही.” भिवरा पुन्हा शिवून देई. ते पुन्हा उसवे. हळूहळू बायांनी येणे सोडले.

असे वर्ष गेले. एके दिवशी गोंदाजी म्हणाला, “मला एकच गोष्ट कळली पाहिजे. शाप आधी लागला, की गाठ आधी सुटली?”

“कळून काय होणार?” भिवरा म्हणाली.

“ते ठाऊक नाही. न कळता मला जगवत नाही.”

भिवरेने सुई खाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी तिच्या खिडकीत एक साळुंकी येऊन बसली आणि म्हणाली, “मी राजाची साळुंकी. माझ्या पिंजऱ्याचे दार रेशमी दोरीने बांधलेले असे. दोरी सुटली, मी सुटले. तुझ्याकडची पाखरे पाहिली, वाटले, इथे आपले कोणी आहे.”

“तू राजवाड्यातली. मग सांग, हा शाप कोणाचा?”

“मांत्रिक कालगुप्ताचा,” साळुंकी म्हणाली. “राजपुत्राला नाग डसला होता. वैद्य हात जोडून मागे सरले. कालगुप्ताने विष उतरवले. राजा म्हणाला, माग. तो म्हणाला, माझा धाकटा भाऊ सोमगुप्त निरपराध आहे आणि तुझ्या तळघरात कैदेत आहे, त्याला सोड. राजाने आठवणीसाठी शेल्याला गाठ मारली, म्हणाला, उद्याच सोडतो. उद्या उत्सव झाला. परवा शिकार झाली. शेला धुवायला गेला, परटाने गाठ सोडली. सोमगुप्त तळघरात वाट पाहून मेला. ते कळले तेव्हा कालगुप्त म्हणाला, राजा, तुझ्या गाठीला अर्थ नाही, तर तुझ्या राज्यात गाठच न राहो.”

“हे तो कोणत्या प्रहरी म्हणाला?”

“ते मी ऐकले नाही. तो आपल्या डोंगरावर म्हणाला. त्यालाच विचार.”

भिवरा निघाली. शिवणाची टोपली तिने डोक्यावर घेतली, साळुंकी टोपलीवर बसली. वाटेत एक नदी लागली, ती डोंगर चढत होती. भिवरेने तिला वाट विचारली, तिने सांगितली. सातव्या दिवशी काजळासारख्या काळ्या डोंगराच्या माथ्यावर एक झोपडी दिसली. दारात एक वृद्ध बसला होता.

“कोण तू?”

“चिमणाळी करणारी भिवरा. बाबा, शाप मागे घ्या. आणि माझा एक प्रश्न आहे.”

“तीन कामे कर,” कालगुप्त म्हणाला. “मग शाप, मग प्रश्न. पहिले काम हे. आम्हा दोघा भावांना एकच पाळणा होता. आधी मी निजलो, मग तो. त्यावर आमच्या आईच्या हातचे चिमणाळे होते. तसे करून दे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत ते टिकले पाहिजे.”

“पाखरे कशी होती?”

मांत्रिकाने डोळे मिटून आठवून पाहिले. “एक हिरवा राघू होता. त्याला एकच डोळा होता. दुसरा सोमूने चोखून काढला. बाकीचे आठवत नाही.”

भिवरेने पाखरे शिवली. हिरव्या राघूला तिने एकच डोळा काढला. सूर्य उगवला तेव्हा ती दारात उभी राहिली, आणि शिवणीच्या टोकांशी जिथे गाठी मारायच्या तिथे तिने आपली बोटे ठेवली. दोऱ्यांची टोके चिमटीत घट्ट धरून ती उभी होती आणि चिमणाळे तिच्या हातांत लोंबत होते. दुपारी बोटे निळी पडली. नंतर दोऱ्यांनी कातडी कापली. साळुंकी चोचीने पाणी आणून तिच्या तोंडात घाली. मांत्रिक दिवसभर त्या राघूकडे बघत होता. सूर्य मावळला.

“पुरे,” तो म्हणाला. “आता माझ्या भावाची हाडे आण.”

हाडे राजवाड्याच्या तळघरात होती, कोठडीतून काढून राजाच्या खजिन्याच्या खोलीत टाकलेली. त्या खजिन्यातला कणही उचलणारा दगड होई. आत शिरलेले अकरा जण दगड होऊन उभे होते, एकाच्या मुठीत अजून माणिक होते. साळुंकीने खंदकाकडची मोरी दाखवली आणि भिवरा आत गेली. हाडांभोवती एक नाग वेटोळे घालून बसला होता.

“काय नेणार?” नाग म्हणाला.

“ही हाडे.”

“हाडे न्यायला इथे कोणी येत नाही.”

“याचा भाऊ वाट पाहतो आहे.”

नागाने वेटोळे सोडले. गाठोडे बांधून उपयोग नव्हता, म्हणून भिवरेने हाडे ओटीत घेतली आणि पदर दोन्ही हातांनी धरला. सात दिवस तिने हात सोडले नाहीत. ती झाडाला टेकून बसल्या बसल्याच निजे. वाटेतल्या एका गावी विहिरीवरच्या म्हातारीने तिला पाहिले आणि आवाज हलका करून विचारले, “बाळ निजलंय वाटतं?”

“हो,” भिवरा म्हणाली. तिथून पुढे ती फार हळू चालली.

कालगुप्ताने हाडे पाहिली. तो रडला नाही, त्याने ती एकेक करून हाताने पुसली. मग म्हणाला, “तिसरे काम. राजाला आण. पायी आणि अनवाणी. त्याने इथे येऊन म्हणावे, मी विसरलो.”

दरबार भरला होता. सरदार आपापली धोतरे हातांनी सावरून उभे होते, कारण कमरेच्याही गाठी टिकत नव्हत्या; आणि त्याला हसण्याचे दिवस केव्हाच गेले होते. भिवरा सिंहासनापुढे गेली आणि जे होते ते बोलली.

“राजा विसरत नसतो,” धवलसेन म्हणाला.

तेव्हा साळुंकी खांबावरून बोलली. शेला, गाठ, उत्सव, शिकार, परीट, सगळे तिने राजाच्याच आवाजात सांगितले. दरबाराने मान खाली घातली.

“मला कामे फार होती,” राजा म्हणाला.

“महाराज, कामे सगळ्यांनाच असतात.”

“तुझे काय गेले, म्हणून तू इतकी चाललीस?”

“मुलगी गेली. ती शापाने गेली की माणसाच्या चुकीने, हे मला अजून ठाऊक नाही. तुम्हाला तुमचे ठाऊक आहे.”

राजाने बाजूला पाहिले. तिथे राजपुत्र बसला होता, चांगला जिवंत, गालांवर रंग असलेला. राजाने पायांतले जोडे काढले.

सात दिवस तो भिवरेच्या मागून चालला. डोंगरावर पोचेपर्यंत त्याचे पाय फुटले होते. कालगुप्तापुढे उभा राहून तो म्हणाला, “मी विसरलो. माझ्या एका शब्दाने तो सुटला असता. मी विसरलो.”

“हे ऐकायला तो नाही,” कालगुप्त म्हणाला. “पण मी ऐकले.”

त्याने भावाची हाडे पुरली. मग भिवरेच्या टोपलीतला दोरा घेतला, त्याची दोन टोके जुळवली आणि गाठ मारली. तिघेही त्या गाठीकडे बघत राहिले. गाठ टिकली. त्याच क्षणी साऱ्या राज्यात नावा खांबांना थांबल्या, गाठोडी शाबूत राहिली, आणि एका मांडवात सातवे पाऊल पडले.

राजा परतला. मागे भिवरा उरली.

“विचार,” कालगुप्त म्हणाला.

“बाबा, माझ्या नवऱ्याने बांधलेली पाळण्याची गाठ भर दुपारी सुटली. शाप तुम्ही दुपारच्या आधी उच्चारला, की नंतर?”

तो समजला. “बाई, मी मांत्रिक आहे. तुला हवे ते उत्तर तुझ्या नवऱ्याला आपोआप आठवेल, असे मी करू शकतो.”

“खरे ते सांगा.”

“तिन्हीसांजेला. भावाची बातमी घेऊन येणारा माणूस दुपारी अजून वाटेतच होता.”

भिवरा तिथेच खाली बसली.

परतीच्या वाटेवर साळुंकी म्हणाली, “दुपारच्या आधी, असे सांग. तो जगेल.” भिवरेलाही ते पटले. चालता चालता ती ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाही. गावोगावी तोरणे बांधली जात होती, लोक उगाच गाठी मारून सोडून बघत होते. वेशीपाशी साळुंकी रानाकडे उडून गेली. तोवर ते खोटे भिवरेच्या तोंडात अगदी बसले होते.

गोंदाजी उंबऱ्यावर बसला होता. तो फार वाळला होता.

“विचारलंस?”

“विचारलं.”

भिवरेने त्याचा चेहरा पाहिला, आणि बसलेले खोटे तिला बोलता आले नाही.

“तिन्हीसांजेला,” ती म्हणाली.

“म्हणजे माझाच हात.”

“तुमचा हात. आणि माझे डोळे. त्या सकाळी मी गाठीकडे पाहिलं होतं. मला ती सैल वाटली. एकदा ओढून बघा, असं म्हणणार होते. पण हाटाला उशीर होत होता. मी म्हणाले, निघा आता. वर्षभर सगळे शाप शाप म्हणत होते, आणि मी ऐकून घेत होते.”

गोंदाजीने वर पाहिले. वर्षभरात तो प्रथमच रडला, मोठ्याने, आळीला ऐकू जाईल असा. भिवरा त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसली आणि तीही रडली. शेजारी बाहेर आले, त्यांना पाहून परत आत गेले. कोणी समजूत घातली नाही.

राजाने तळघर उघडले, निरपराध होते त्यांना त्याच दिवशी सोडले, आणि पुन्हा कोणाला उद्याचा शब्द दिला नाही. राज्य मार्गी लागले. भिवरा आणि गोंदाजीला पुन्हा मूल झाले नाही. ती चिमणाळी शिवी, तो विकी. पण आता चिमणाळे विकले की गोंदाजी घेणाऱ्याच्या मागोमाग त्याच्या घरी जाई. पाळण्याची दोरी तो दोन्ही हातांनी धरी, पाय उचली, आणि आपल्या साऱ्या भाराने तिला लोंबकळे. घरातली मुले हसत, एवढा मोठा माणूस असा लोंबकळतो म्हणून. तो हसत नसे. मनात शंभर मोजून होईपर्यंत तो तसाच राही, मग खाली उतरे आणि बाळाच्या आईला म्हणे, “आता निजवा.”