पाण्यावरची बुरूडआळी

खाडीकाठच्या एका नगरात फार पूर्वी एक बुरूडआळी होती. आळीत शिरलं की आधी बांबू चिरल्याचा आवाज कानावर यायचा, मग ओल्या कामट्यांचा वास. दारोदारी सुपं, टोपल्या, करंड्यांचे ढीग आणि त्या ढिगांआडून चाललेली भांडणं. सकाळचं भांडण दुपारच्या जेवणापर्यंत मिटलेलं असे, कारण मीठमिरची एकमेकींकडूनच आणायची होती.

मग नगराची भरभराट झाली. गलबतं वाढली, वखारी वाढल्या आणि जागेचं भाडं असं चढलं की दिवसरात्र टोपल्या विणूनही एका खोलीपुरतं निघेना. एकेक घर उठलं. कुणी डोंगरापलीकडे गेलं, कुणी मिठागरापाशी. आळीच्या जागी एक लांबलचक वखार उभी राहिली.

आळीतली एक मुलगी तेव्हा परमुलखात घरं बांधायची विद्या शिकत होती. ती परत आली तेव्हा आपलं दार नेमकं कुठे होतं, हेही तिला वखारीच्या भिंतीवरून ओळखता येईना. तिची आई डोंगरापलीकडच्या घरात वारली होती. शेजारी हाक ऐकणारं कुणी नव्हतं. मागे राहिलं होतं ते आईचं जातं.

मुलगी खूप रडली. मग तिला राग आला, आणि राग आला की तिचे हात चालू लागत. जाड बांबूंची तोंडं राळेने बंद करून तिने मोळ्या बांधल्या, त्या पाण्यावर सोडल्या आणि वर तट्ट्याचं घर विणलं. सांडपाणी गाळायला कडेने कर्दळीचे वाफे केले. एखादा बांबू कुजलाच तर तेवढाच बदलायचा, आणि तोडलेल्या प्रत्येक बांबूमागे काठावर नवा लावायचा. सगळं घर बुरुडाला परवडेल एवढं स्वस्त.

ती राजाकडे गेली.

"जमीन शिल्लक नाही," राजा म्हणाला.

"जमीन नकोच, महाराज. खाडी द्या."

राजाला हसू आलं. "दिली. पण घरं बुडता कामा नयेत आणि वाहत माझ्या गलबतांच्या वाटेत येता कामा नयेत. पौर्णिमेच्या उधाणाला मी स्वतः बघायला येईन. एक जरी चुकलं तरी सगळी उठवीन."

मुलीने विखुरलेली आळी गोळा केली. आळीतल्या थोरल्या काकांनी होडीतून घराभोवती एक चक्कर मारली आणि नाक मुरडलं.

"आम्ही टोपल्या विकतो गं, टोपलीत राहत नाही! घराला पाया लागतो."

"तुमच्या घराला होता ना पाया, काका? आता त्यावर वखार उभी आहे."

"आमच्या वेळी मुली असं बोलत नसत."

"म्हणून तर तुमची वेळ गेली आणि कुणी काही बोललं नाही!"

त्यांच्या शेजारच्या आत्याने तोंडावर पदर धरला, पण तिचे खांदे हसत होते.

भाडं नाही म्हटल्यावर कुरकुरत का होईना, सगळे आले. मुलीने प्रत्येक घराच्या बुडाशी गेरूची रेघ ओढली. "रेघ पाण्याखाली गेली तर घर गेलं. कपडे आणा, भांडी आणा. दगड एकही आणायचा नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग काकांनी जुन्या घराच्या उंबरठ्याचा दगड गोधडीत गुंडाळून आणला. आत्याने पाटा तांदळाच्या टोपलीत लपवला. कुणी उखळ आणलं, कुणी पाणी साठवायची दगडी डोणी. एकाने काय होतंय, असं प्रत्येकजण मनात म्हणाला. आणि मुलीच्या घरात, चादरीखाली, आईचं जातं होतं. तो दगड नाही, ती आई आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

पौर्णिमा आली. पाणी फुगलं. राजाची होडी समोर येऊन थांबली आणि त्याच्या डोळ्यांदेखत गेरूच्या रेघा दिसेनाशा झाल्या. तट्ट्यांतून पाणी आत झिरपू लागलं. जड झालेल्या घरांच्या ओढीने ती बांधलेल्या मेखा चिखलातून उखडल्या, आणि सगळी आळी हळूहळू गलबतांच्या वाटेकडे सरकू लागली.

"म्हटलं नव्हतं? पाया नाही!" काका ओरडले.

मुलगी त्यांच्या घरात घुसली आणि तिने गोधडी उलगडली. "हे काय आहे? काका, हे काय आहे?"

"माझ्या आईने हा ओलांडून मला घरात आणलं. तुला काय कळणार?"

"फेका! आत्ताच्या आत्ता फेका, नाहीतर उद्या पुन्हा डोंगरापलीकडे!"

"आणि तुझ्या चादरीखाली काय आहे गं?" आत्याने शेजारच्या घरातून विचारलं. "आम्हाला काय दिसत नाही होय?"

मुलीने हातातली गोधडी खाली टाकली. ती आपल्या घरात गेली. जात्याचा वरचा दगड आईच्या हाताखाली गुळगुळीत झाला होता. तो टाकायला तिचा जीव धजेना. निदान नंतर वर ओढता यावा म्हणून तिने त्याच्या भोकातून जाड दोर ओवला, खालचा दगडही त्यालाच जखडला, दुसरं टोक घराच्या बांबूला बांधलं, डोळे मिटले आणि दगड पाण्यात लोटले.

घर उसळून वर आलं. रेघ पुन्हा दिसू लागली. मग दोर ताणला गेला, दगड तळाच्या चिखलात रुतले आणि घर जागच्या जागी थांबलं.

मुलीने ताणलेला दोर हाताने ओढून पाहिला. "दोर बांधा!" मग ती किंचाळली. "दगडांना दोर बांधा आणि खाली सोडा!"

पाटा गेला, उखळ गेलं, डोणी गेली. एकेक घर उचललं गेलं आणि थांबलं. काका शेवटपर्यंत उंबरठा धरून बसले होते. त्यांचं घर गलबतांच्या वाटेला टेकणार एवढ्यात त्यांनी तो पुढे केला. "गाठ नीट मार. सुटला तर तुला सोडणार नाही."

"मारते, काका," मुलगी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता.

राजाने होडी वळवली. खाडी बुरुडांची झाली.

पुढे नगरातून उठवलेले कोष्टी आले, कुंभार आले. त्यांना घरं दाखवायचं काम काकांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं. "दगड आणलेत? लाजू नका, द्या इकडे. खाली सोडायचे," असं ते दरडावत. एका कुंभारणीने विचारलं, "आजोबा, तुमच्या घराला उंबरठा दिसत नाही तो?"

काकांनी पाण्याकडे बोट दाखवलं. "आहे ना. वारा सुटला की कळतं, आहे ते."

तात्पर्य: मागच्या दिवसांना तळाशी जागा दिली, तर ते आपल्याला धरून ठेवतात; पण पुढच्या पिढीच्या घरात रचून ठेवलं, तर सगळ्यांना घेऊन बुडतात.